विश्लेषण : मासे प्रतिपिंडे कशी तयार करतात? नॉर्वेच्या सॅमनला लस लागू पडली, मग आपल्या रोहूचे काय?

नॉर्वेतील मत्स्यशेतीत १९८७ या एका वर्षात सुमारे ४८ टन प्रतिजैविके वापरली गेली. तेव्हा तिथले सॅमन माशांचे उत्पादन ५० हजार टनांच्या आसपास होते. आज ते १५ लाख टनांच्या घरात आहे आणि प्रतिजैविकांचा वापर गेली अनेक वर्षे एक टनाच्याही खाली आहे. मासे जवळपास तीसपट वाढले, औषध मात्र नावापुरते उरले. या बदलाचे मोठे श्रेय लशीला जाते.

पण लस स्वतः रोग बरा करत नाही. ती माशाच्या शरीराला रोगजंतूची फक्त ओळख करून देते. ओळख पटल्यावर प्रतिपिंडे, म्हणजेच अँटिबॉडी, तयार करण्याचे काम माशालाच करावे लागते. ज्याच्या हाडांत आपल्यासारखी रक्तपेशी घडवणारी मज्जा नाही, ज्याच्या शरीराचे तापमान पाण्याबरोबर खालीवर होते, तो जीव हे काम कसे करतो? आणि नॉर्वेत जे साधले ते आपल्याकडच्या रोहू-कटल्याच्या तळ्यांत अजून का साधलेले नाही?

नॉर्वेत नेमके काय घडले होते?

सॅमन आणि ट्राउट या माशांना ‘एरोमोनास साल्मोनिसिडा’ या जिवाणूमुळे फ्युरन्क्युलॉसिस नावाचा रोग होतो. मोठ्या माशांच्या अंगावर गळवासारखे फोड येतात, त्यावरून हे नाव पडले. रोग तीव्र असेल तर फोड दिसण्याआधीच मासा मरतो. जर्मनीतील ट्राउटच्या मत्स्यबीज केंद्रात १८९४ मध्ये या रोगाचे पहिले वर्णन झाले.

नॉर्वेत तो १९८५ मध्ये स्कॉटलंडहून आणलेल्या सॅमनच्या पिलांबरोबर पोहोचला. तिथे सॅमन समुद्रात जाळ्यांच्या पिंजऱ्यांत वाढवतात. पिंजऱ्यातून पाणी आरपार वाहते, त्यामुळे रोगही एका पिंजऱ्यातून दुसऱ्याकडे वाहत जातो. १९९२ पर्यंत ५०० हून अधिक मत्स्यशेती केंद्रांत त्याचा शिरकाव झाला होता.

खाद्यातून प्रतिजैविके देणे हाच तेव्हा मुख्य उपाय होता. त्यात एक मूलभूत अडचण होती. आजारी मासा सर्वात आधी खाणे सोडतो. म्हणजे ज्याला औषधाची सर्वाधिक गरज, त्याच्याच पोटात ते जात नाही. न खाल्लेले औषधी खाद्य समुद्रतळाशी साचते. शिवाय औषधाला दाद न देणारे जिवाणूही पुढे येऊ लागले होते.

सुरुवातीच्या लशींचा फ्युरन्क्युलॉसिसवर फारसा परिणाम झाला नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मृत जिवाणू तेलात मिसळून तयार केलेल्या लशी आल्या आणि चित्र पालटले. पोटपोकळीत टोचलेले हे तेलाचे थेंब अनेक महिने तिथेच राहतात आणि जिवाणूचे घटक थोडे थोडे बाहेर सोडतात. शरीराला रोगजंतूची आठवण पुन्हा पुन्हा करून दिल्यासारखेच ते असते. १९९४ पर्यंत नॉर्वेतील प्रतिजैविकांचा वार्षिक वापर दीड टनाच्या आसपास आला. एका ठिकाणी एकाच पिढीचे मासे ठेवणे, मासे काढल्यावर ती जागा काही काळ मोकळी सोडणे, केंद्रांमध्ये अंतर राखणे, हे नियमही त्याच काळात कडक झाले. लस आणि शिस्त यांचा तो एकत्रित परिणाम होता.

पाण्यातल्या जिवाणूंशी मासा एरवी कसा लढतो?

हवेपेक्षा पाण्यात जिवाणूंना टिकणे आणि पसरणे सोपे जाते. मासा चोवीस तास या जिवाणूंच्या संपर्कात असतो. श्वास घेताना तेच पाणी कल्ल्यांवरून जाते, खाताना तेच तोंडात जाते.

मासा हातात धरला की जो बुळबुळीतपणा जाणवतो, तो त्याचा पहिला तट आहे. त्वचा, कल्ले आणि आतडे यांच्यावर हा बुळबुळीत थर सतत तयार होतो आणि सतत धुतला जातो. चिकटलेले जिवाणू त्याच्याबरोबर वाहून जातात. या थरात जिवाणूंचे आवरण फोडणारे लायसोझाइमसारखे विकर आणि जिवाणूंना मारणारी छोटी प्रथिनेही असतात. ओबडधोबड हाताळणीने, जाळ्याच्या घासण्याने किंवा खवले निघाल्याने हा तट फुटतो. म्हणूनच मासे पकडून दुसरीकडे सोडल्यानंतरच्या काही दिवसांत रोग अधिक दिसतात.

तट ओलांडून आत आलेल्या जिवाणूला रक्तातील ‘कॉम्प्लिमेंट’ नावाची प्रथिनांची साखळी आणि भक्षक पेशी गाठतात. हा प्रतिसाद काही तासांत सुरू होतो, पण तो सर्वांना सारखाच असतो. समोर कोणता जिवाणू आहे याच्याशी त्याला फारसे देणेघेणे नसते. विशिष्ट शत्रू ओळखून त्याच्यासाठीच बनवलेले शस्त्र म्हणजे प्रतिपिंड. त्याला वेळ लागतो.

प्रतिपिंडे तयार होतात कुठे?

माणसाच्या रक्तपेशी अस्थिमज्जेत जन्मतात. माशात ते काम मूत्रपिंडाचा पुढचा भाग करतो. डोक्याच्या मागे, पाठीच्या कण्याखाली लाल-काळसर रंगाची पट्टी दिसते, तिचे हे पुढचे टोक. लघवी तयार करण्याशी त्याचा संबंध उरलेला नसतो, ते रक्तपेशींचा कारखाना झालेले असते. त्याच्या जोडीला प्लीहा आणि गळ्याजवळची थायमस ग्रंथी असते. माणसाच्या काखेत, जांघेत, गळ्यात ज्या लसिका गाठी असतात, त्या माशांना नसतात.

मूत्रपिंडाच्या या भागात ‘बी’ पेशी तयार होतात. प्रत्येक बी पेशीच्या पृष्ठभागावर एकाच घडणीचा ग्राहक असतो. लाखो पेशी, लाखो घडणी. शरीरात शिरलेल्या जिवाणूचा एखादा तुकडा यांपैकी काही पेशींच्या ग्राहकात नेमका बसतो. मग त्या पेशी वेगाने विभागू लागतात. ‘टी’ पेशी त्यांना हिरवा कंदील देतात. त्यांतल्या काही पेशींचे रूपांतर प्रतिपिंडे स्रवणाऱ्या पेशींत होते. आता तोच ग्राहक सुटा होऊन रक्तात मिसळतो. यालाच प्रतिपिंड म्हणतात.

माशांच्या बी पेशींचे आणखी एक वैशिष्ट्य २००६ मध्ये समोर आले. या पेशी जिवाणूंना थेट गिळतात आणि आत मारतातही. बी पेशींचे काम फक्त प्रतिपिंडे बनवणे, ही तोवरची पक्की समजूत होती. माशांनी ती मोडली.

प्रतिपिंड जिवाणूला स्वतः क्वचितच मारते. ते जिवाणूला चिकटते, अनेक जिवाणूंना एकमेकांना जोडून त्यांचे पुंजके करते, कॉम्प्लिमेंटला ‘इथे मारा’ अशी खूण देते आणि भक्षक पेशींना पकडायला मूठ पुरवते. प्रयोगशाळेत याच गुणाचा उपयोग होतो. माशाच्या शेपटीजवळच्या शिरेतून रक्त घेऊन त्यातील द्रव दुप्पट, चौपट, आठपट असा पातळ करत जातात आणि प्रत्येक टप्प्यावर त्यात जिवाणू मिसळतात. किती पातळ केल्यावरही पुंजके होतात, यावरून माशाकडे किती प्रतिपिंडे आहेत ते कळते.

माणसाच्या प्रतिपिंडांपेक्षा ती वेगळी कशी?

माणसाकडे प्रतिपिंडांचे पाच प्रकार असतात. बहुतेक हाडाच्या माशांकडे तीन असतात : आयजीएम, आयजीडी आणि आयजीटी. आपल्या रक्तात सर्वाधिक असणारे आयजीजी त्यांच्याकडे नाही.

माशांचा मुख्य भरवसा आयजीएमवर. माणसातील आयजीएम पाच तुकडे जोडून बनते, माशातील चार तुकड्यांचे असते. प्रत्येक तुकड्याला जिवाणू पकडणारे दोन हात, म्हणजे एकूण आठ हात. एकेका हाताची पकड तितकी घट्ट नसली तरी आठ हातांनी मिळून धरल्यावर जिवाणू सहज सुटत नाही.

आयजीटीचा शोध २००५ मध्ये लागला. झेब्राफिशमधील त्याच प्रकाराला आयजीझेड म्हणतात. ते कशासाठी असते हे २०१० मध्ये ट्राउटवरील संशोधनातून उलगडले : आयजीटी हे प्रामुख्याने आतड्याच्या बुळबुळीत थरात काम करते. पुढे कल्ले आणि त्वचेवरही त्याची हीच भूमिका दिसली. म्हणजे रक्तात पहारा आयजीएमचा आणि दारावर आयजीटीचा. लस टोचली की रक्तातला पहारा वाढतो, पण दारावरचा वाढेलच असे नाही. लस कोणत्या मार्गाने द्यायची हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

दुसरा फरक स्मृतीचा. माणसात तोच जंतू दुसऱ्यांदा आला की प्रतिपिंडे झपाट्याने आणि अनेक पटींनी वाढतात, शिवाय त्यांची पकडही अधिक नेमकी झालेली असते. माशातही दुसऱ्या वेळचा प्रतिसाद लवकर येतो, पण वाढ माफक असते. पकड सुधारते, तीही थोडीच. मासा विसरत नाही, पण त्याची आठवण आपल्याइतकी ठळक नसते.

सर्व माशांना एकच मोजपट्टी लावताही येत नाही. अटलांटिक कॉड या माशाच्या जनुकांचा आराखडा २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा शास्त्रज्ञ चकित झाले. बी पेशींना टी पेशींची मदत मिळवून देणारी जनुकांची एक महत्त्वाची साखळीच या माशाने उत्क्रांतीत गमावली आहे. लस दिल्यावर कॉडमध्ये विशिष्ट प्रतिपिंडे फारशी वाढत नाहीत. तरीही हा मासा उत्तर अटलांटिकमध्ये टिकून आहे, तो इतर संरक्षणांच्या जोरावर.

पाण्याच्या तापमानाचा काय संबंध?

माणसाला लस दिल्यावर दोन आठवड्यांनी संरक्षण मिळते, असे सांगता येते. माशाच्या बाबतीत ‘किती दिवसांनी’ हा प्रश्नच अपुरा आहे. ‘किती तापमानात किती दिवसांनी’ असे विचारावे लागते. पाणी गार झाले की माशाच्या पेशींची सगळीच कामे मंदावतात आणि प्रतिपिंडे तयार करणे हे त्यांतले सर्वात नाजूक काम आहे.

म्हणून सॅमनपालक ‘डिग्री-डे’ मोजतात. पाण्याचे सरासरी तापमान गुणिले दिवस, असा हा साधा गुणाकार. अनेक लशींसाठी तो साधारण ५०० धरतात. पाणी १० अंश सेल्सिअस असेल तर ५० दिवस, ५ अंश असेल तर १०० दिवस. एवढा हिशेब पूर्ण झाल्याशिवाय मासे समुद्रात सोडायचे नाहीत. सॅमनची पिले गोड्या पाण्याच्या टाक्यांतच टोचून घेतात आणि मग समुद्रात नेतात, ते यासाठीच.

उबदार पाण्यातल्या सायप्रिनस या माशावर, म्हणजे कॉमन कार्पवर, इस्रायलमधील संशोधकांनी १९७० च्या सुमारास केलेले प्रयोग या बाबतीत बोलके आहेत. या माशाला सुमारे १२ अंशांच्या पाण्यात ठेवून बाहेरचे प्रथिन टोचले, तर प्रतिपिंडे तयार होत नव्हती. पण टोचल्यानंतरचे पहिले काही दिवस २५ अंशांच्या पाण्यात ठेवून मग गार पाण्यात हलवले, तर ती तयार होत होती. म्हणजे थंडीत अडते ती सुरुवातीची ओळखपरेड. एकदा ती उरकली की पुढचे काम गारठ्यातही चालू राहते.

आपल्याकडे वर्षातील बराच काळ तळ्यांचे पाणी उबदार असते, ही यात जमेची बाजू आहे. सॅमनचा ५०० चा हिशेब रोहूला जसाच्या तसा लावता येत नाही, पण उबदार पाण्यात प्रतिपिंडे लवकर तयार होतात हे खरे. मात्र त्याच उबेत जिवाणूही भराभर वाढतात. शर्यत दोघांचीही वेगवान होते.

लस द्यायची तरी कशी?

तीन मार्ग आहेत. टोचणे, लशीच्या पाण्यात बुडवणे आणि खाद्यातून देणे.

पहिला प्रयोग झाला तो तिसऱ्या मार्गाचा. कॅनडातील डफ या शास्त्रज्ञाने १९४२ मध्ये मारलेले जिवाणू ट्राउटला खाऊ घातले आणि त्यांना फ्युरन्क्युलॉसिसपासून संरक्षण मिळाल्याचे दाखवले. पण लगेचच प्रतिजैविकांचे युग आले. स्वस्त आणि हमखास औषध हाताशी असताना लशीची आठवण कुणाला राहिली नाही. माशांसाठीच्या पहिल्या लशीला परवाना मिळायला १९७६ साल उजाडले. ती अमेरिकेत ट्राउटच्या ‘रेडमाउथ’ या जिवाणूजन्य रोगावर होती.

ही लस बुडवून देता येते. पिले जाळीत घेऊन लशीच्या द्रावणात अर्धा मिनिट धरली की पुरते. कल्ले आणि त्वचेतून जिवाणूचे घटक आत जातात. हजारो पिलांना एका दमात लस देता येते. पण इथे वजनाचा हिशेब आडवा येतो. एक ग्रॅम वजनाच्या पिलाला बुडवले तर संरक्षण सुमारे चार महिने टिकते, दोन ग्रॅमच्या पिलात सहा महिने आणि चार ग्रॅमच्या पिलात वर्षभर, असे सॅमन कुळातील माशांवरील प्रयोगांत दिसले. एक ग्रॅमपेक्षा लहान पिलांची प्रतिकारयंत्रणा पुरती घडलेलीच नसते. सुरुवातीला त्यांच्याकडे असतात ती अंड्यातून आलेली आईची प्रतिपिंडे आणि ती काही आठवड्यांत संपतात.

टोचलेली लस सर्वात प्रभावी असते. त्यासाठी मासा बेशुद्ध करून एकेकाला सुई लावावी लागते. नॉर्वेत हे काम यंत्रे करतात. त्याची किंमत मासाही मोजतो : तेलयुक्त लशीमुळे पोटातील अवयव एकमेकांना चिकटतात, काळे डाग पडतात, काही काळ भूक मंदावते. रोगाने मरण्यापेक्षा ते बरे, असा हा सौदा आहे.

खाद्यातून लस देणे सर्वात सोपे, पण सर्वात बेभरवशाचे. आतड्यात लशीचे पचन होऊन जाते. प्रतिकारपेशींपर्यंत ओळखण्याजोगे काही उरतच नाही.

मग सगळे रोग लशीने का जात नाहीत?

चिलीचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. नॉर्वेनंतर सर्वाधिक सॅमन पिकवणारा हा देश. तिथेही लशी दिल्या जातात, तरी वर्षाला शेकडो टन प्रतिजैविके वापरावी लागतात. कारण तिथला मुख्य शत्रू ‘पिसिरिकेट्सिया साल्मोनिस’ हा जिवाणू माशाच्या पेशींच्या आत लपून वाढतो. प्रतिपिंडे रक्तात आणि बुळबुळीत थरात गस्त घालतात, पेशीच्या आत त्यांना शिरता येत नाही. चोर घरात शिरून दार लावून बसल्यावर रस्त्यावरची गस्त काय कामाची? अशा जिवाणूसाठी बाधित पेशींनाच संपवणाऱ्या टी पेशी जाग्या कराव्या लागतात आणि मृत जिवाणूंच्या लशी त्यात कमी पडतात.

नॉर्वेतही सगळे प्रश्न सुटलेले नाहीत. थंडीच्या दिवसांत त्वचेवर व्रण पाडणारा ‘मोरिटेला’ हा जिवाणू लस दिलेल्या माशांनाही छळतो. सागरी उवा तर जिवाणूच नव्हेत. त्यांच्यावर या लशींचा काहीच उपाय चालत नाही.

आणखी एक खबरदारी संशोधक घेतात. रक्तात प्रतिपिंडे भरपूर दिसली म्हणजे मासा वाचेलच, असे गृहीत धरत नाहीत. प्रतिपिंडे जिवाणूच्या बिनमहत्त्वाच्या भागाविरुद्धही असू शकतात. म्हणून लशीची खरी परीक्षा मासे रोगजंतूला सामोरे गेल्यावर किती जगतात, यातूनच होते.

भारतात अडचण कुठे आहे?

आपल्या गोड्या पाण्यातील मत्स्यशेतीचा कणा म्हणजे रोहू, कटला आणि मृगळ. त्यांचे मुख्य जिवाणूजन्य शत्रू तीन. ‘एरोमोनास हायड्रोफिला’मुळे अंगावर रक्ताळलेले डाग, सुजलेले पोट आणि व्रण दिसतात. ‘एडवर्डसिएला’मुळे आतले अवयव सडतात. ‘फ्लेव्होबॅक्टेरियम कॉलम्नेअर’ कल्ले आणि त्वचा कुरतडते.

यांच्यावर लस तयार करण्यात चार अडसर आहेत. पहिला, विविधता. एरोमोनास हायड्रोफिलाचे असंख्य उपप्रकार आहेत. एका तळ्यातील जिवाणूपासून बनवलेली लस दुसऱ्या तळ्यातील जिवाणूला ओळखेलच असे नाही. दुसरा, लपाछपी. एडवर्डसिएला हाही पेशीत शिरून राहणारा जिवाणू आहे. तिसरा, पैसा. महागड्या सॅमनला एकेक करून टोचणे परवडते. तळ्यात हजारोंनी सोडल्या जाणाऱ्या रोहूच्या बोटुकल्यांना सुई लावण्याचा खर्च आणि मजुरी मत्स्यपालकाच्या हिशेबात बसत नाही. चौथा, एकाच तळ्यात तीन-चार जातींचे मासे असतात आणि प्रत्येक जातीचा प्रतिसाद वेगळा असतो.

उरतात ते बुडवणे आणि खाद्य हे दोन मार्ग. खाद्याच्या मार्गावर मंगळूरच्या मत्स्य महाविद्यालयातील संशोधकांनी १९९० च्या दशकात एक वेगळी वाट शोधली. त्यांनी एरोमोनास हायड्रोफिला मोकळ्या द्रवात न वाढवता कायटिनच्या कणांवर वाढवला. तिथे जिवाणू एकमेकांना चिकटून जाडसर चिकट थर तयार करतात. नळाच्या आत किंवा दातांवर जमणारा थर याच जातीचा. असे जिवाणू मारून खाद्यातून दिले, तेव्हा त्या चिकट आवरणामुळे ते आतड्यात लगेच पचले नाहीत. कटला, रोहू आणि सायप्रिनस यांच्यात साध्या मृत जिवाणूंच्या तुलनेत अधिक प्रतिपिंडे तयार झाली आणि जास्त मासे वाचले. या माशांना जठरच नसते, त्यामुळे आम्लाचा मारा होत नाही. त्याचाही खाद्यातून लस देताना फायदा होऊ शकतो.

मुंबईतील केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आणि हैदराबादची इंडियन इम्युनॉलॉजिकल्स यांनी २०२२ मध्ये कॉलम्नॅरिस आणि एडवर्डसिएलोसिस या दोन रोगांवरील मृत जिवाणूंच्या लशी व्यावसायिक पातळीवर विकसित करण्यासाठी हात मिळवले. प्रयोगशाळेतले यश बाजारात आणण्याच्या दिशेने टाकलेले हे पाऊल होते. लस मत्स्यपालकाच्या हाती पोहोचायची तर ती स्वस्त असावी लागते, बोटुकल्या तळ्यात सोडण्याआधी मत्स्यबीज केंद्रातच देता यावी लागते आणि वेगवेगळ्या जलाशयांतील उपप्रकारांवर चालावी लागते.

कोळंबीलाही अशीच लस देता येईल का?

नाही, निदान या अर्थाने नाही. कोळंबीला पाठीचा कणा नसतो आणि प्रतिपिंडेही नसतात. बी पेशी, टी पेशी, थायमस यांपैकी काहीच तिच्याकडे नाही. तिचे संरक्षण रक्तातील भक्षक पेशी आणि जन्मजात रसायनांवर चालते. एखाद्या जंतूशी आधी गाठ पडल्यावर ही यंत्रणा काही काळ अधिक सावध राहते असे दिसते, पण ती प्रतिपिंडांची स्मृती नव्हे. म्हणून कोकणातल्या कोळंबी प्रकल्पांत रोगमुक्त बीज, पाण्याची निगा आणि बाहेरून जंतू येऊ न देणे हाच आजही मुख्य उपाय आहे. माशांचे उदाहरण देऊन कोळंबीसाठी ‘अँटिबॉडी वाढवणारे’ औषध कुणी विकत असेल, तर सावध राहिलेले बरे.

लस दिलेला मासा खाल्ल्याने काही होते का?

माशांच्या बहुतेक जिवाणूजन्य लशींत मारलेले जिवाणू असतात. ते वाढू शकत नाहीत. प्रतिपिंडे ही प्रथिने आहेत. ती शिजताना मोडतात आणि पोटात इतर प्रथिनांसारखीच पचतात. माशाचे प्रतिपिंड खाऊन माणसाला रोगही होत नाही आणि संरक्षणही मिळत नाही.

खरी काळजी आहे ती प्रतिजैविकांची. तळ्यात सतत औषध टाकले की औषधाला दाद न देणारे जिवाणू टिकतात. दाद न देण्याचे हे गुण एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. फ्युरन्क्युलॉसिसवर वापरले जाणारे ऑक्सिटेट्रासायक्लिन ज्या गटातले आहे, त्याच गटातली औषधे माणसांसाठीही वापरतात. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान या गटांवर भारतातील मत्स्यशेतीत बंदी आहे. त्यांचे अंश सापडले की निर्यातीचा माल परत येतो. त्यामुळे माशाने स्वतः तयार केलेले प्रत्येक प्रतिपिंड हे माणसासाठी वाचवलेले औषधही असते.

लस येईपर्यंत मत्स्यपालकाने काय करावे?

माशाची प्रतिकारयंत्रणा लशीविनाही काम करत असते. तिच्या आड न येणे हा पहिला उपाय. दाटी झाली, पाण्यातला प्राणवायू घटला किंवा अमोनिया वाढला की माशाच्या शरीरात कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक वाढते. ते प्रतिकारपेशींना दडपते. अशा तळ्यात उत्तम लसही फारशी उपयोगी पडणार नाही. बोटुकल्या सोडताना पिशवीतले आणि तळ्यातले पाणी हळूहळू एकसारख्या तापमानाला आणावे. जाळे मऊ असावे, हाताळणी कमीत कमी असावी. बाहेरून आणलेले बीज काही दिवस वेगळे ठेवून पाहावे. थंडीत पाणी उतरते तेव्हा मासे विनाकारण उपसू नयेत. मेलेला मासा तळ्यात राहू देऊ नये, कारण त्याच्या शरीरातून जिवाणू पुन्हा पाण्यात उतरतात. मासे मरू लागले तर दुकानदाराच्या सल्ल्याने औषध टाकण्याऐवजी नमुना तपासून घ्यावा.

नॉर्वेचा धडा ‘लस आणली आणि रोग गेला’ इतका सरळ नाही. मासा आपल्या गतीने, पाण्याच्या तापमानानुसार आणि वयाप्रमाणे प्रतिपिंडे तयार करतो. नॉर्वेने माशाच्या या वेळापत्रकाप्रमाणे आपले काम बेतले : किती वजनाला टोचायचे, किती दिवस थांबायचे, कधी समुद्रात सोडायचे. रोहू, कटला आणि मृगळ यांचे वेळापत्रक वेगळे आहे आणि त्यांना पाळणाऱ्या मत्स्यपालकाचा खिसाही. लस या दोन्हींना जुळेल, तेव्हाच इथल्या तळ्यांत औषधाच्या पिशव्या कमी होतील.